लाल ठिपक्याचं ताट

धंतोलीतल्या त्या बंगल्याला दोन दारं होती. पुढचं दार डॉक्टर ऋषिकेश यांच्या घरच्यांचं आणि पाहुण्यांचं. मागचं, लोखंडी जिन्याखालचं, बायांचं. बाया म्हणजे भांडीवाली, पोळ्यावाली आणि डॉक्टरांच्या आईला सांभाळणारी भावना. तिघींची ताटंही मागच्या व्हरांड्यातच, एका फळीवर. ताटं घरातल्यांसारखीच होती, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली. फक्त बायांच्या ताटांना मागून नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, चुकून आत येऊ नयेत म्हणून. हे कोणी कोणाला समजावून सांगितलेलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, ठिपका दिसला की माणूस काय ते समजतो.

भावना वानखेडे संक्रांतीनंतर या घरी लागली. आजी, म्हणजे प्रेमिलाबाई, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या. उजवी बाजू गेलेली, बोलणं निम्मंअर्धं उरलेलं. त्यांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, भरवणं, सगळं भावनाच करायची. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून आजी घास घेत नसत. सुनेने, नूपुरने, एकदा मोठ्या प्रेमाने भरवून पाहिलं तर म्हाताऱ्या बाईने तो घास सरळ तिच्या साडीवर थुंकून दिला.

या कामावर भावनेच्या घराचा सगळा भार होता. आधीच्या घरात तिचा फोन टेबलावर वाजला आणि पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो उजळला. मालकीणबाई काहीच बोलल्या नाहीत. चहासुद्धा दिला. दुसऱ्या दिवशी ताराचंदचा फोन आला, "ते म्हणून राहिले का आता गरज नाही." घरोघरी बाया पुरवणाऱ्या ब्युरोचा हा ताराचंद. माणूस वाईट नव्हता, पण धंद्याचा होता. "अजून एका घरानं परत केलं न भावनाबाई, त मले तुमचं नाव कुठं देता येणार नाही," असं त्याने बजावलं. तेव्हा भावनेने फोनवरचा फोटो काढून तिथे एक गुलाबाचं फूल लावलं. त्या गुलाबाची तिला रोज लाज वाटायची. पण मुलगी काजल बारावीला होती, नवरा विक्की याची ई-रिक्षा चालण्यापेक्षा गॅरेजातच जास्त असायची, आणि लाजेवर घर चालत नाही. वानखेडे हे आडनाव विदर्भात बऱ्याच जातींत सापडतं. या घराने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मूग गिळून ती आपलं काम करत राहिली.

त्या दिवशी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाचा दिवस होता. दिवाणखान्यात दोघी महालक्ष्म्या भरजरी साड्या नेसून उभ्या होत्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, स्वयंपाकघरातून पुरणाचा आणि तुपाचा वास घरभर भरलेला. या घरची रीत अशी की बाहेरच्या घरची एक सवाष्ण पाटावर बसवायची. घरच्या सुनेने तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, देवीच समजून पाया पडायचं. तिने पुरणाचा पहिला घास घेतला की मगच घरातल्यांनी जेवायचं. आजी सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासून सवाष्ण जेवल्याखेरीज त्यांनी या दिवशी तोंडात अन्न घेतलेलं नव्हतं.

ही गोष्ट सकाळी कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. डॉक्टरांनी रोजच्यासारखी आईला इन्सुलिनची सुई टोचली आणि तातडीच्या ऑपरेशनला निघून गेले. भावनेने उपम्याची वाटी पुढे केली तर आजींनी ती डाव्या हाताने सरकवून दिली.

"सवा...ष्ण," त्या म्हणाल्या.

"आजी, सुई घेतली न तुम्ही. आता खाच लागते," भावना म्हणाली.

आजींनी ओठ मिटून घेतले. मोठ्या मिनतवारीने अर्धा कप दूध पोटात गेलं, तेवढंच. भावनेने नूपुरला सांगितलं. नूपुर पुरणात बुडालेली होती. "मिनल येईलच आता. तिला लवकर बसवू," ती म्हणाली. मिनल म्हणजे नागपूरच्याच महाल भागात राहणारी तिची नणंद, दरवर्षीची ठरलेली सवाष्ण.

पानं मांडायची वेळ झाली आणि मिनलचा फोन आला. तिला अडचण आली होती, ती शिवाशिवीची, बाहेर बसायची. नूपुरच्या तोंडचं पाणी पळालं. तिने फोनवर फोन लावले. पण त्या दिवशी नागपुरात मोकळी सवाष्ण मिळणं सोपं नव्हतं. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या त्यांच्या सवाष्णी आधीच ठरलेल्या, आणि ज्यांच्या घरी नाहीत त्या दुसऱ्या कोणाच्या पाटावर जाऊन बसलेल्या.

दिवाणखान्यात सोफ्यावर वामनराव काका बसले होते. डॉक्टरांचे चुलते, घरातले सगळ्यांत वडील. रीतीभातीचा शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो शब्द ते न विचारताही देत.

"घरात सवाष्ण असतानी गावभर फोन काहून करून राहिली वं नूपुर?" ते म्हणाले. "वहिनीले सांभाळते ते बाई. बोलाव तिले."

भावना ओला टॉवेल हातात घेऊनच बाहेर आली.

"नाव काय तुह्यं?"

"भावना."

"आडनाव?"

"वानखेडे."

"गाव कोणतं?"

"सासर पारशिवनीकडचं."

"पारशिवनीकडचे वानखेडे. म्हंजे आपल्यातलीच," काका समाधानाने म्हणाले. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. "नवरा आहे न? मंग झालं त. बसव इले पाटावर."

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, पण समोर पाचसहा पाहुणे, वर फुलोरा, आणि कानात ताराचंदचा आवाज. तिने नूपुरकडे पाहिलं. नूपुरने नजर खाली घातली. मग म्हणाली, "माझी साडी काढते. ये मागच्या खोलीत."

साडी निघेपर्यंत भावना मागच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिने विक्कीला फोन लावला.

"मले पाटावर बसवून राहिले. सवाष्ण म्हणून."

विक्की हसला. "मंग बस न. पुरणपोळी भेटन. माह्यासाठी बी घेऊन ये."

"मस्करी नको करू."

"काय फरक पडते वं? तू का देवाले मानून राहिली? तू त जेवून राहिली फक्त."

"पाय धुणार हायेत ते माहे. गौरी समजून पाया पडणार."

मागून गॅरेजातली ठोकठोक ऐकू येत होती.

"तुह्या आजोबाले कोण सांगाले जाते आता?" तो म्हणाला.

"मले त माहीत राहीन न."

"भावना, काम गेलं त पाहून घेऊ, असं म्हणावं वाटते मले. पण पाहायचं कसं, ते मले बी समजून नाही राहिलं." खोटा धीर देण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी रडूही आलं.

तिचे आजोबा धोंडबा. छप्पन साली अंगावरच्या धोतरानिशी मौद्याकडून पायी नागपूरला आले आणि बाबासाहेबांकडून दीक्षा घेऊन परत गेले. लहानपणी महालक्ष्म्यांच्या दिवशी ते गावच्या पाटलाच्या वाड्यामागे इतर पोरांबरोबर उभे राहत. जेवणावळ उठली की पत्रावळींवरचं उष्टं पुरण त्यांच्या पदरात पडे. पोरं त्याच्यावर तुटून पडत, धोंडबाही पडत. दीक्षा घेतल्यावर त्यांनी जन्मात पुरणाला हात लावला नाही. दरवर्षी ते नातवंडांना रांगेत उभं करून दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेत. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, हे वाक्य आलं की म्हातारा बोट वर करायचा आणि म्हणायचा, हे पुन्हा म्हणा, नीट म्हणा. भावनेने ते इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते तिच्या जिभेवर नव्हतं, आणखी कुठेतरी आत होतं.

ती आजींच्या खोलीत डोकावली. आजींच्या मानेला घाम आला होता, हात गार पडले होते. तिने साखरेचं पाणी चमच्यात घेऊन ओठांना लावलं. ओठ हलले नाहीत. डोळ्यांत मात्र तोच हट्ट होता. साखर उतरत चालली होती. या बाईला काही झालं तर काय? आणि पाटावर जाऊन दोन घास खाल्ले की हे सगळं मिटणार होतं, हेही तिला दिसत होतं.

मागच्या खोलीत नूपुर हिरव्या साडीची घडी मोडत होती.

"वहिनी, मले बसता येणार नाही."

"का? तुलाही अडचण आहे का?"

"नाही. आम्ही बौद्ध आहो."

बोलून टाकलं. आता आभाळ कोसळणार म्हणून भावना उभी राहिली. नूपुरने साडीचा पदर झटकला, काठ सरळ केला आणि म्हणाली, "मला माहीत आहे."

"ताराचंदने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच विचारलं होतं त्याला. आईंचं इतकं सगळं करायला कोणी तयार नव्हतं, मी म्हटलं चालेल." नूपुरचा आवाज दमलेला होता आणि त्या दमण्यात थोडा उपकारही होता. "ऋषिकेशला माहीत नाही, काकांना कळायची गरज नाही. तू बस, दोन घास खा आणि ऊठ. मी मानत नाही असलं काही. मला चालतं."

भावनेचं डोकं तापलं. इतके महिने ती या घरात श्वास धरून वावरली. शब्द तोलून बोलली, सणावाराला विचारलं की भलतंच काहीतरी सांगितलं, फोनवर गुलाब लावला. आणि हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हिने एका शब्दानेही तिची भीती कमी केली नव्हती.

"मानत नाही, त माह्या ताटाले ठिपका काहून?"

"तो सगळ्याच बायांच्या ताटांना आहे," नूपुर म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "त्यात जातीचं काय आहे?"

आणि यात खोटं काहीच नव्हतं. पोळ्यावाली तर काकांच्या नात्यातली, त्यांच्याच गावची. तिच्याही ताटाला ठिपका होता. ती रोज व्हरांड्यात बसून जेवायची आणि काकांना समोरून येताना पाहून पदर सारखा करायची. इथे बाई आधी कामाची बाई होती, जातबित नंतर. आजच्या एका दिवसापुरती त्या बाईची देवी करायची गरज पडली होती, आणि उद्या पुन्हा तिला फळीवरचं ताट घ्यायचं होतं.

"बस न गं लवकर," नूपुर साडी पुढे करत म्हणाली.

"तुम्हाले चालत असन वहिनी," भावना म्हणाली. "मले नाही चालत."

नूपुरचा हात साडीसकट तसाच हवेत राहिला. या बाईलाही काही चालत नसेल, हा विचार तिच्या मनाला आजवर शिवलाही नव्हता. आधी ती गोंधळली, मग तिचा चेहरा लाल झाला.

"आईंची साखर उतरते आहे, दिसतंय ना तुला? त्यांच्या जिवापेक्षा तुझं हे मोठं आहे? आणि ताराचंदला मी काय सांगू, सांग."

दोन्ही घाव बरोबर बसले. भावनेने भिंतीला हात टेकवला. तेवढ्यात आजींच्या खोलीतून ठणठण आवाज आला. आजी डाव्या हातातली बांगडी पलंगाच्या दांड्यावर आपटत होत्या. ही त्यांची हाक होती, पण आज तिच्यात जोर नव्हता. दोघी धावल्या.

आजींचं कपाळ घामाने निथळत होतं, ओठ थरथरत होते. नूपुरने साखरेचं पाणी पुढे केलं, विनवण्या केल्या, डॉक्टरांना फोन लावला. तो वाजत राहिला. आजींनी मान फिरवली. बाहेरून वामनरावांचा आवाज आला, "नूपुर, पान वाढलं. सवाष्ण कुठं आहे?"

"सांग त्यांना जेवले म्हणून," नूपुर भावनेच्या कानाशी पुटपुटली. "सांग, पाया पडते तुझ्या. नुसतं सांग."

एवढंच तर करायचं होतं. एक खोटं बोलायचं. इतके महिने ती न बोलता खोटंच जगली होती, त्यात आणखी एकाची भर. पण आजींचे डोळे तिच्यावर लागले होते आणि भावनेला त्या डोळ्यांसमोर ते जमेना. ती स्टुलावर बसली आणि आजींचा गार हात तिने हातात घेतला.

"आजी, मी बौद्ध आहो. मी गौरी मानत नाही, मंग पाटावर गौरी बनून कशी बसू? बसली असती त ते खोटं झालं असतं. तुमचा उपास बी खोट्यावर सुटला असता."

नूपुरने झटकन दार लावून घेतलं.

आजी बघत राहिल्या. या हाताने त्यांना रोज न्हाऊमाखू घातलं होतं, त्यांची घाण काढली होती, त्यांच्या तोंडात घास घातला होता. आता त्या हात सोडवून घेतील, भिंतीकडे तोंड करतील, असं भावनेला वाटलं. तिला नोकरीचं भय उरलं नव्हतं. या म्हातारीने तोंड फिरवू नये, एवढंच वाटत होतं.

आजींनी हात सोडवून घेतला. तो थरथरत वर गेला आणि खुंटीला टांगलेल्या भावनेच्या कापडी पिशवीकडे थांबला.

"ड...बा," त्या म्हणाल्या.

नूपुरला काही कळेना. "काय पाहिजे, आई?"

"तु...हा. जे...व."

भावनेला कळलं. तिने पिशवीतून डबा काढला. सकाळी घाईत भरलेल्या पोळ्या आणि आलू-वांग्याची भाजी. ना पाट, ना कुंकू, ना ओटी. तिने एक घास तोडला. तो तोंडात घालून ती चावू लागली. आजी तिच्या जबड्याकडे टक लावून पाहत होत्या, लहान मूल पाहतं तशा. शेवटी घास उतरला. तेव्हा आजींनी तोंड उघडलं.

भावनेने साखरेचं पाणी चमच्याचमच्याने घातलं. पाठोपाठ आपल्याच पोळीचा तुकडा दुधात कुस्करून भरवला. आजींनी तो मुकाट्याने खाल्ला. हळूहळू हात ऊबदार झाले, घाम थांबला. आजींनी तिला सवाष्ण मानली, की आधी भुकेल्या बाईने खावं एवढाच त्यांचा हिशेब होता, हे भावनेला कधीच कळलं नाही. विचारायची तिची हिंमतही झाली नाही.

नूपुर भिंतीला टेकून हे सगळं पाहत होती. मग तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि दार उघडून बाहेर गेली.

"सवाष्ण जेवली, काका," तिचा आवाज आला. अगदी स्वच्छ, न अडखळता. "आईंच्याच खोलीत जेवली. त्यांची तशी इच्छा होती."

"मंग बरं झालं," काका म्हणाले. "पानावर बसा आता. आंबील निवून चालली."

पानं उठली, पाहुणे विड्याला बसले. दुपारी उशिरा डॉक्टर आले, त्यांनी आईची साखर तपासली, ठीक आहे म्हणाले आणि पुरणपोळीवर तुपाची वाटी रिकामी केली. कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही. भावना आजींजवळ बसून होती. राग अजून तिच्या अंगात होता. त्याबरोबर हलकंही वाटत होतं, आणि या हलकेपणाची किंमत उद्या द्यावी लागेल का, ही धास्तीही होती.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा नूपुर मागच्या दाराशी आली. तिच्या हातात कागदात बांधलेल्या पुरणपोळ्या होत्या.

"आजचं कुठे बोलू नकोस. ताराचंदलाही नाही," ती म्हणाली. "आणि उद्या वेळेवर ये. आई तुझ्याशिवाय..." पुढचं तिने सोडून दिलं आणि पुडकं पुढे केलं.

"नको वहिनी. माह्या माहेरी पुरण खात नाहीत."

नूपुरला हे समजलं नाही. तिने पुडकं मागे घेतलं आणि पाहुण्यांनी हाक मारली तशी आत गेली.

भावना जिन्याखाली चप्पल घालून थांबली. व्हरांड्यातल्या फळीवर तिचं ताट होतं, आज न वापरलेलं. तिने ते उचललं, नळाखाली धुतलं, ओढणीने कोरडं पुसलं. मग चप्पल काढून स्वयंपाकघरात गेली. तिथे दिवसभराच्या पंगतीची घासलेली ताटं मांडणीत दाटीने लावलेली होती, सगळी सारखी, सगळी चकचकीत. भावनेने आपलं ताट त्यांच्या मधोमध सरकवलं. ठिपका मागच्या बाजूला गेला आणि ताट बाकीच्यांत मिसळून गेलं. आता ते शोधायचं म्हटलं तर या घराला आपलं एकेक ताट उलटं करून पाहावं लागणार होतं.